शंभराला किती

कॉफीच्या डब्यात घालून तुकडे पाठवलेत त्याने,
सोदानक्युलाहून, साध्या टपालाने.
सोबत पेन्सिलीची चिठ्ठी:
"उणे छत्तीस. सकाळी साडेपाच.
यंत्राचा हात उचलला, आणि सगळं तेल बर्फावर.
तौनो."

हिल्का डबा उपडा करते पांढऱ्या कागदावर.
रबराच्या कड्या. म्हणजे, होत्या.
आता फुटक्या बांगड्या, काळ्या,
तोड अशी सरळ की चाकूनेही जमू नये.
इथे खोलीच्या उबेत मात्र
पुन्हा मऊ, पुन्हा वाकतात,
काही घडलंच नाही अशा.
रबराचं हे असंच. साक्षीला उभं केलं
की फिरतं.

मी शेजारच्या टेबलावर, काजळी तोलत.
ताम्पेरेच्या बाहेरचा हा कारखाना, माझं दुसरं वर्ष.
तिचं एकतिसावं.
तिच्या वहीत सगळं शंभराच्या हिशेबात:
शंभर भाग रबर, काजळी पन्नास,
जस्ताचं भस्म पाच, गंधक दीड.
गंधक नसेल तर साखळ्या एकमेकींवरून घसरतात,
ओढाल तिकडे येतात, आणि परतीची वाट विसरतात.
तीस घाला, कंगवा होतो, वाकत नाही.
दीडच हवं. इथे एक गाठ, मग बरीच मोकळीक,
मग पुन्हा एक गाठ.

पहिल्या दिवशी तिने मला रबरबँड दिला होता.
"ताण, आणि ओठाला लाव."
गरम.
"आता सोड, आणि लगेच लाव."
गार.
"साखळीला सरळ उभं राहणं सोसत नाही.
तिला गुंता हवा. जोर असतो तो
गुंत्याकडे परतायच्या ओढीचा."
एवढंच बोलून ती जेवायला गेली.

आज ती वही मागे मागे उलटते.
मागचा मार्च. अक्षर तिचंच.
तौनोचीच तक्रार: नवं तेल घातलंय, बियांचं,
कड्या फुगतात दुधात पाव फुगावा तशा.
म्हणून तिने नायट्राइल वाढवलं,
अठ्ठावीसावरून एकोणचाळीस.
तेलाला दार बंद. तौनो खूश,
धुरावलेला एक मासाही आला होता टपालाने,
आम्ही तो उभ्या उभ्या संपवला.

पण साखळीचं जे अंग तेलाला आत घेत नाही
तेच थंडीत शेजारणीला घट्ट धरून बसतं.
शून्याखाली वीस, बावीस, कुठेतरी
चुळबूळ थांबते.
रबर काच होतं.
तुटण्याआधी कण्हत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आमच्याकडे म्हणतात.
इथे पीळ शाबूत होता.
थिजलं ते सुंभ.

"माझी चूक," हिल्का म्हणते, मला नाही,
खिडकीला.
मग फोन लावते. फिनिश माणसं फोनवर
गप्प बसायचे पैसे देतात असं वाटतं.
शेवटी तिकडून काहीतरी येतं. ती हसते.
"त्याला उन्हाळाही हवा, जानेवारीही."
"मग?"
"मलाही हवाय."

ती लिहिते: अठरा. खोडते. तेल आत शिरेल.
अठ्ठावीस, आणि मऊ करणारं द्रव्य बारा भाग.
खोडते. ते पहिल्याच जुलैत पाझरून जाईल,
आणि कडी उरेल, आखडलेली.
पेन्सिल कानामागे. पुन्हा हातात.
चोवीस. त्यापुढे प्रश्नचिन्ह,
इतकं मोठं की खालच्या ओळीत घुसलं.

संध्याकाळी सहा कड्या शीतपेटीत, उणे चाळीसला.
सहा तेलाच्या बरणीत, सत्तरला.
बाहेर गाड्यांवर बर्फ, कोणाची कोणती कळेना.
दिवे घालवताना पाहिलं:
तौनोचा एक तुकडा तिने कोटाच्या खिशात टाकलाय
आणि आत, बोटांनी,
वाकवतेय.